हळद-दुधाला प्रशस्तिपत्र नको, शुद्धता हवी

हळदीइतके सरकारी लक्ष लाभलेली दुसरी वस्तू आपल्या स्वयंपाकघरात क्वचितच सापडेल. तिच्यासाठी देशाने अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात दाद मागितली आणि ती मिळवली. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, आयुष मंत्रालयाने १५० मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद घालून दिवसातून एकदोनदा घ्यावी, अशी सूचना नागरिकांसाठी प्रसृत केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाची अधिसूचना निघाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मंडळाचा औपचारिक प्रारंभ झाला. एवढे सारे घडूनही दोन साधे प्रश्न अनुत्तरितच राहिले आहेत. पेल्यात पडणारी हळद शुद्ध आहे काय? आणि तिच्या नावावर बाजारात जे सांगितले जाते, ते खरे आहे काय?

घराघरांत हळद घेण्याच्या रीती अनेक आहेत आणि त्या सुखेनैव चालू द्याव्यात, असेच माझे मत आहे. महाराष्ट्रात मूल पडले-झडले, खोकला झाला की रात्री हळद घातलेले दूध दिले जाते. तमिळ घरांत त्याच दुधात मिरपूड आणि ताडाची खडीसाखर पडते. बंगाल आणि ओडिशात सकाळी अनशापोटी ओल्या हळदीचा तुकडा गुळाबरोबर खाण्याची चाल आहे, तर राजस्थानात हिवाळ्यात ओल्या हळदीची तुपातली भाजी होते. यांपैकी कोणतीही कृती कुणा मंत्रालयाने शिकवलेली नाही आणि तिला सरकारी शिक्क्याची गरजही नाही. आजीने दिलेला पेला हा दावा नसतो. ती माया असते. प्रश्न उद्भवतो तो हाच पेला बाटलीत, पुडीत किंवा गोळीत जाऊन त्यावर रोगांची नावे छापली जातात तेव्हा.

या चर्चेत पेटंटच्या प्रकरणाचा दाखला हमखास दिला जातो. म्हणून त्यात नेमके काय घडले ते पाहू. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट अमेरिकेत मिळाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत ग्रंथांतील उल्लेख होते, तसा ‘इंडियन मेडिकल असोसिएशन’च्या नियतकालिकात १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटमधील दावे फेटाळले गेले. मराठी वाचकांना ही कहाणी ‘हळदीघाटीची लढाई’ म्हणून परिचित आहे. अशा लढाया वारंवार लढाव्या लागू नयेत, म्हणून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम हाती घेण्यात आले.

या निकालाचा अर्थ मात्र आपण सोयीने लावला. हळदीने जखम बरी होते, असे प्रमाणपत्र अमेरिकी कार्यालयाने दिले नव्हते. त्याने एवढेच मान्य केले की, हे ज्ञान नवे नाही; भारतात ते आधीपासून लिखित स्वरूपात होते. पेटंटची कसोटी नावीन्याची असते, गुणकारितेची नव्हे. शिवाय आपण ती कसोटी जिंकलो, ती भावनेच्या बळावर नव्हे. ‘आमच्याकडे हे सर्वांनाच ठाऊक आहे’ एवढे सांगून भागले नसते. कागद दाखवावा लागला. परक्याच्या दाव्यासमोर आपण पुराव्याचा आग्रह धरला, तोच आग्रह आपल्या बाजारातील दाव्यांसमोर का धरत नाही, हा माझा मुद्दा आहे.

हळदीविषयीचा पुरावा काय सांगतो? तिच्यातील कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य १८१५ मध्ये युरोपात वेगळे करण्यात आले. सर्वसाधारण हळदीत ते शेकडा तीनच्या आसपास असते. मेघालयातील लाकाडोंगसारख्या वाणांत ते सातच्या पुढे जाते. पोटात गेल्यावर ते रक्तात फारच थोडे उतरते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, काळ्या मिरीतील पायपेरीन सोबत दिल्यास हे प्रमाण सुमारे वीसपट वाढते. तमिळ घरांतील मिरपुडीचे कौतुक करायला हे निमित्त चांगले आहे. पण त्या प्रयोगात माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिले होते. अर्धा चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम हळदीत ते ४५ मिलिग्रॅमच्या आसपास भरते. प्रयोगातील मात्रा घरच्या पेल्याच्या चाळीसपटीहून अधिक होती. जाहिरात मात्र प्रयोगाचा निष्कर्ष सांगते आणि पेला घरचा दाखवते.

२०१७ मध्ये अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरील १२० हून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला. औषध कोणाला दिले हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेल्या काटेकोर चाचण्यांपैकी एकही यशस्वी ठरल्याचे त्यांना आढळले नाही. पुढे २०२३ मध्ये थायलंडमधील एका चाचणीत अपचनाच्या त्रासावर कर्क्युमिन हे ओमेप्राझोल या प्रचलित औषधाच्या तोडीचे ठरल्याचे दिसले. म्हणजे दार बंद झालेले नाही; पण ‘मधुमेह, संधिवात आणि कर्करोगावर रामबाण’ हे शब्द वापरण्याचा अधिकार अजून कुणालाही मिळालेला नाही. दुसरीकडे, २०२२ मध्ये अमेरिकेतील यकृतविकार संशोधकांनी हळदीच्या पूरक गोळ्यांशी निगडित दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. घरच्या दुधातील हळद आणि दाट अर्काची गोळी या दोन भिन्न वस्तू आहेत, हे ग्राहकाला कोणीतरी सांगायला हवे.

असे बोलणे म्हणजे परंपरेचा अवमान, हा आक्षेप मला नवा नाही. वसाहतकाळात देशी वैद्यकाची उपेक्षा झाली, हे खरेच आहे. १८३५ मध्ये कलकत्त्यातील देशी वैद्यकाचे वर्ग बंद करून त्या जागी पाश्चात्त्य पद्धतीचे महाविद्यालय आणले गेले. पण त्या उपेक्षेला उत्तर देणारी एक भारतीय परंपराही आहे आणि ती जयघोषाची नव्हे. कर्नल रामनाथ चोपडा यांनी १९२१ पासून कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत देशी वनौषधी एकेक करून प्रयोगशाळेत तपासल्या. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम रुग्णांवर पडताळून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, तेव्हा जगाने सर्पगंधेची दखल घेतली. परंपरेचा सन्मान तिला तपासून होतो, हे या दोघांनी दाखवून दिले.

स्वतंत्र भारताच्या संसदेलाही हे उमगले होते. १९५४ या एकाच वर्षी तिने दोन कायदे केले. एक अन्नभेसळ प्रतिबंधाचा, दुसरा औषधे व जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा. पहिला वस्तूच्या शुद्धतेचा, तर दुसरा शब्दाच्या शुद्धतेचा राखणदार. गरीब आणि अल्पशिक्षित नागरिकाला दोन्हीकडून फसवले जाऊ शकते, हे त्या पिढीने ओळखले होते. सत्तर वर्षांनंतर या दोन्ही राखणदारांची अवस्था समाधानकारक नाही.

आधी शब्दाचे पाहू. जाहिरातीच्या कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह व कर्करोगासह ५४ विकारांची यादी आहे. त्यांवर उपचाराचा दावा करणारी औषधांची जाहिरात हा गुन्हा आहे. तरीही अशा जाहिराती रोज दिसतात. आयुष औषधांच्या जाहिरातींना राज्य परवाना प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी बंधनकारक करणारा नियम १७० हा २०१८ मध्ये आला. जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो वगळला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि वर्षभराने प्रकरण निकाली निघताना ती स्थगितीही उठली. आता जाहिरात आधी प्रसिद्ध होते आणि तक्रार मागाहून. २०२० च्या सूचनेत मंत्रालयाने ‘हा कोविडवरील उपचार असल्याचा दावा नाही’ असे स्वच्छ लिहिले होते. बाजाराने कृती उचलली आणि ते वाक्य मागे ठेवले.

वस्तूची स्थिती अधिक गंभीर आहे. हळकुंडे शिजवून, वाळवून फिरत्या पिंपात पॉलिश केली जातात. फिक्या मालाला झळाळी आणण्यासाठी याच टप्प्यावर लेड क्रोमेट हा शिसेयुक्त औद्योगिक रंग चढवण्याची शक्यता असते. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका येथील २३ शहरांतून गोळा केलेल्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे १४ टक्के नमुन्यांत ग्रॅममागे २ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आढळले. पाटण्यातील सर्वाधिक दूषित नमुन्यात ते ग्रॅमला दोन हजार मायक्रोग्रॅमच्याही पुढे होते.

याचा अर्थ आकड्यांनीच समजून घेऊ. भारतात हळदीतील शिशाची कायदेशीर मर्यादा ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम आहे. अर्धा चमचा हळद त्या मर्यादेत असली, तरी एका पेल्यातून १५ मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाऊ शकते. दोन पेल्यांतून ३०. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांसाठी आहारातील शिशाची संदर्भ पातळी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम धरली आहे. भाजीत चिमूटभर पडणाऱ्या हळदीला लावलेली मोजपट्टी चमच्याने घेतल्या जाणाऱ्या हळदीला पुरत नाही. पाटण्यातील त्या नमुन्याचा हिशेब तर मांडायलाही नको. शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि मुलांच्या मेंदूला पोहोचलेली हानी भरून येत नाही. जो पेला आई प्रतिकारशक्तीसाठी देते, तोच मुलाची बुद्धी हिरावून घेत असेल, तर ही बाब किरकोळ भेसळीची राहत नाही.

पूर्वेकडील एका जिल्ह्यात प्रशासन सांभाळत असताना अन्ननमुन्यांची रीत मी जवळून पाहिली आहे. निरीक्षक नमुना घेई, मोहोर लावी आणि तो राज्याच्या प्रयोगशाळेकडे रवाना होई. अहवाल परत येईपर्यंत ज्या पोत्यातून नमुना घेतला ते पोते विकले गेलेले असे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने विश्लेषकाला १४ दिवसांची मुदत घालून दिली आहे. पण माझ्या अनुभवाने मुदतीपेक्षाही एक गोष्ट महत्त्वाची वाटते: तपासणी किरकोळ दुकानात होते, भेसळ मात्र त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. दुकानदाराला दंड होतो आणि पॉलिशचे पिंप फिरतच राहते.

बांगलादेशाने याच उगमावर बोट ठेवले. तेथे १९८० च्या दशकात पुरामुळे काळवंडलेल्या हळकुंडांना उजाळा देण्यासाठी ‘पेउरी’ नावाने मिळणारा हाच रंग वापरण्याची सवय जडली होती. २०१९ मध्ये अभ्यासकांनी ती उघड केल्यावर तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वृत्तपत्रांतून इशारे दिले, शिसे जागच्या जागी मोजणारी क्ष-किरण उपकरणे घेऊन अधिकारी ढाक्याच्या श्यामबाजार या घाऊक पेठेत उतरले आणि दोषी व्यापाऱ्यांना सर्वांदेखत दंड झाला. २०१९ मध्ये ४७ टक्के नमुन्यांत आढळणारे शिसे २०२१ मध्ये एकाही नमुन्यात आढळले नाही. आपल्याहून कमी साधने असलेल्या शेजाऱ्याने दोन वर्षांत हे साधले.

आपल्याला काय करता येईल? २०२२-२३ मध्ये देशात ११.६१ लाख टन हळद पिकली; जागतिक उत्पादनाचा तीन चतुर्थांशांहून अधिक वाटा आपला आहे. हळद मंडळासमोर २०३० पर्यंत शंभर कोटी डॉलर निर्यातीचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. त्याच्या शेजारी घरच्या ग्राहकाच्या शुद्धतेचे उद्दिष्टही लिहिले जावे. निजामाबाद, इरोड, सांगली, हिंगोली येथील बाजार आवारांत आणि पॉलिश करणाऱ्या केंद्रांवर अशी उपकरणे बसवणे मोठ्या खर्चाचे काम नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शिशाची मर्यादा आजच्या वापराच्या प्रमाणात खाली आणावी. जाहिरातींची पूर्वतपासणी कोणत्या ना कोणत्या रूपात परत यावी. दाट अर्काच्या गोळ्यांवर यकृतविषयक इशारा ठळक असावा. आणि आयुष मंत्रालयाने हळदीची कृती सांगताना ती कशी निवडावी, हेही सांगावे: अतिझळाळीच्या हळकुंडांचा आणि सुट्या पुडीचा मोह टाळावा, शक्य तेथे पॉलिश न केलेली वा ओली हळद घ्यावी.

या मागण्यांत परंपरेच्या विरोधात जाणारे काहीच नाही. शेतकऱ्यालाही त्यांतून हितच साधता येईल, कारण रंग चढवलेल्या मालापुढे त्याची प्रामाणिक, थोडी फिकी हळद आज कमी भावाला जाते. १९९७ मध्ये आपण जगाला सांगितले की, हळदीविषयीचा दावा पुराव्यानिशी तपासा. ते खरे होते म्हणून जगाने ऐकले. आता तेच आपल्या कारखानदाराला, जाहिरातदाराला आणि पॉलिशवाल्याला सांगण्याची वेळ आली आहे. दूध कसे करायचे, हे आईला कळते. त्यात पडणारी हळद निर्भेळ असेल एवढे पाहणे सरकारचे काम आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आणि इतिहासाचे अभ्यासक आहेत.)