कागदाला मान, कामाला वाली नाही

सिंधुदुर्गातल्या चौके-कट्टा-कसाल रस्त्यावरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो. १९४८चा कायदा तसे सांगतो. वकिलाची सनद १९६१च्या कायद्याने बार कौन्सिलच्या हाती आहे, आर्किटेक्टची नोंदणी १९७२च्या कायद्याने. यांतल्या कोणी विश्वासघात केला तर निदान तक्रारीचे एक दार आहे. आणि ज्याने केलेल्या पानावर आपण मुलीचा प्रवेशअर्ज भरतो, आईच्या पेन्शनची माहिती देतो, त्या वेबसाइट बांधणाऱ्याचे काय? त्याला ना परिषद, ना आचारसंहिता. तो चुकला तर जाब विचारणारे कोणी नाही, तो नाडला गेला तर पाठीशी उभे राहणारेही कोणी नाही. ही अनागोंदी आपण सर्वांनी मिळून पोसली आहे.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यापासून कट्ट्यासारख्या आतल्या गावांपर्यंत ज्यांनी घरात चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या, त्यांची रोजीरोटी आज इंटरनेटवरच्या नावाशी बांधलेली आहे. ते नाव कोणाच्या मालकीचे आहे, हे किती घरमालकांनी विचारले? ते नाव, म्हणजे डोमेन, साइट बनवणाऱ्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याच फोनमध्ये. पुढे तो पुण्याला नोकरीला लागतो, फोन उचलत नाही, मुदत संपते आणि घराचे नाव भलत्याच्या हाती जाते. हा गुन्हा त्याचा आहेच. पण घर बांधताना एकेक चिरा वाजवून घेणारा माणूस इथे कागदावर चार ओळींचा करारही का मागत नाही? कारण त्याला काम स्वस्तात हवे असते, पावतीशिवाय हवे असते आणि शेजाऱ्याच्या साइटवरचे फोटो उचलून लावले तरी त्याला चालतात. काम झाल्यावर निम्मे पैसे बुडवायलाही त्याला संकोच वाटत नाही. अशा गिऱ्हाइकाला सचोटीचा कारागीर कुठून मिळणार?

आईबापांचे वागणेही याहून वेगळे नाही. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली आणि सामान्य घरातली मुले, गृहिणी, कारकून संगणकासमोर बसू लागले, हे मोठे काम झाले. पण तो संगणक वापरण्याचा अभ्यासक्रम आहे, धंद्याची सनद नव्हे. आपण मात्र कागद दिसला की शिक्षण पुरे झाले असे मानतो. ‘झिलाक सर्टिफिकेट गावलां’ एवढे चार घरांत सांगून झाले की झिलाने स्वतःच्या हाताने एक पान तरी उभे केले का, हे कोणी पाहत नाही. ही भूक ओळखून काही आठवड्यांत ‘वेब डिझायनर’ करून देणारे क्लास निघतात. उलट, घरी बसून स्वतः शिकलेली, गावच्या दुकानाची चालती साइट बांधणारी मुलगी असेल, तर तिच्या कामाला आपण ‘मोबाइलवर वेळ घालवते’ म्हणतो. ज्ञानाचा एवढा अपमान करणारा समाज ज्ञानाच्या जोरावर पुढे कसा जाणार?

या अनागोंदीची सर्वांत मोठी किंमत मोजतात ते अंध, अपंग आणि म्हातारे. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे नियम जागतिक वेब संघाने १९९९ सालीच प्रसिद्ध केले आणि पुढे सुधारत नेले. चित्राला शब्दांत वर्णन द्या, म्हणजे अंध माणसाचा फोन ते वाचून दाखवील. माउसशिवाय, नुसत्या कळांनी अर्ज भरता यावा. नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतला फरक निदान साडेचारास एक असावा, म्हणजे मोतीबिंदू झालेल्या आजीलाही ती दिसतील. यासाठी वेगळे यंत्र लागत नाही, फार पैसाही लागत नाही. शिकलेला आणि काळजी करणारा माणूस लागतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही सोय बंधनकारक केली. तरीही ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे जळालेल्या स्त्रियांना बँकेच्या ऑनलाइन ओळख-पडताळणीत पापण्या मिटून दाखवायला सांगितले गेले. त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. ३ डिसेंबरला अपंग दिनी व्यासपीठावर आपण ज्यांना हार घालतो, त्यांनाच वर्षभर अर्जाच्या पहिल्या पानावरून परत पाठवतो. यासारखे दुसरे निर्दय वागणे नाही.

मग सरकारी परवाना आणावा का? मी त्याच्या विरुद्ध आहे. या देशात विद्येच्या दारावर जन्माचे पहारे शतकानुशतके होते. ते हटवण्यासाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंना १८४८ साली पुण्यात शाळा काढून शेणगोळे झेलावे लागले. वेबचे शिक्षण विनापहारा मिळते, म्हणूनच कट्ट्यातल्या शेतमजुराचा मुलगा त्यात शिरू शकतो. त्याच्यासमोर नवी भिंत उभारणे पाप ठरेल. पण दार उघडे ठेवायचे म्हणून आत आलेल्याला जबाबदारीतून मोकळे सोडता येत नाही, आणि ती जबाबदारी त्याच धंद्यातल्या लोकांनी एकमेकांवर घालायची असते. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५पासून आहे, नॅसकॉम १९८८पासून. पण नॅसकॉम कंपन्यांची संघटना आहे, आणि सोसायटीचा हात गावात एकट्याने काम करणाऱ्यापर्यंत पोचलेला मला दिसत नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी अक्षरओळख नसलेल्या गिरणी कामगारांना एकत्र आणले आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवली. मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांनी कोणाला किती वाटा मिळायचा याचे नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळले. आणि चार संगणकभाषा येणारे आमचे तरुण एकमेकांचे गिऱ्हाईक तोडण्यासाठी दर पाडत बसले आहेत!

१८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला सात माणसे पुरतात. मालवण तालुक्यात या धंद्यातली सात माणसे नक्कीच आहेत आणि बसायला कट्ट्याला बॅरिस्टर नाथ पै सेवांगणासारखी जागाही आहे. पहिल्याच बैठकीत नियम लिहून काढा. डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्यायचे आणि सर्व पासवर्ड त्याच्या हाती द्यायचे. लेखी कराराशिवाय काम नाही, आगाऊ रकमेशिवाय सुरुवात नाही. दुसऱ्याचे फोटो आणि मजकूर उचलायचे नाहीत. प्रत्येक साइट सोपवण्याआधी एखाद्या अंध माणसाकडून, मानधन देऊन, तपासून घ्यायची. ज्याला संस्थेचे प्रमाणपत्र हवे त्याने बांधलेली साइट परीक्षकांसमोर उघडून दाखवायची, प्रश्नपत्रिका नको. नियम मोडणाऱ्याचे नाव त्याचे म्हणणे ऐकून यादीतून काढायचे आणि ती यादी प्रत्येक ग्रामपंचायतीत लावायची, म्हणजे पुढच्या वेळी खोल्या भाड्याने देणारी बाई तिथूनच नाव निवडील.