इंग्रजी शिकावी, पण सही समजून करावी



गेल्या वैशाखात एका लग्नासाठी आम्ही रोह्याला गेलो होतो. वाटेत पेणला थांबून कारखान्याच्या गणपतीची मूर्ती सांगून ठेवली आणि संध्याकाळी सोयऱ्यांच्या घरी पोचलो. ओटीवर नवऱ्या मुलाची आजी पत्रिका हातात घेऊन बसलेली. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, पण सगळी इंग्रजी. म्हातारीनं पत्रिका उलटीसुलटी केली नि विचारलं, "यात माझं नाव कुठंय रे?" नाव होतं. नातवानं बोट ठेवून दाखवलं. सगळे हसले, आम्हाला मात्र हसू आले नाही. घरच्या कार्यात घरच्याच थोरल्या माणसाला आपले नाव दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले!

आम्ही इंग्रजीचे वैरी नाही. तिकीट, मोटार, पंप, ट्रॅक्टर हे शब्द पाहुणे म्हणून आले आणि घरचे झाले. आईची मम्मी झाली, वाढदिवसाला औक्षणाचा दिवा लावण्याऐवजी मेणबत्ती विझवणे आले; ते ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडू. गाडी अडते ती कागदापाशी.

याच पेण-रोह्याची दोन माणसे पाहा. विनोबा 1895 साली पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मले. 1916 साली त्यांनी शाळा-कॉलेजाचे दाखले चुलीत घातले, पण भाषा शिकणे सोडले नाही. आईला संस्कृत गीता कळेना, तिला ती मराठीत हवी होती. त्या ओढीतून पुढे 'गीताई' झाली. दुसरे रोह्याचे चिंतामणराव देशमुख. 1912 साली मॅट्रिकला पहिले, पुढे केंब्रिज, आय.सी.एस., 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. इंग्रजी त्यांच्या जिभेवर होती. तरी कालिदासाचे 'मेघदूत' त्यांनी मराठीत आणले, आणि 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले. एकाने दाखले जाळले, दुसऱ्याने पहिला नंबर काढला. पण मिळवलेली विद्या दोघांनीही आपल्या माणसांच्या भाषेत आणून पोचवली.

आता आपल्या शेताकडे वळू. 'रिकव्हरी' म्हणजे साखर उतारा, शंभर किलो उसातून निघालेली साखर. 2009 पासून आलेली 'एफ.आर.पी.' म्हणजे रास्त व किफायतशीर दर, आणि तो या उताऱ्यावर ठरतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे; उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. हे ज्याला आपल्या भाषेत समजले, तो वार्षिक सभेत उभा राहून हिशेब विचारतो. ज्याला नुसती अक्षरे पाठ, तो टाळ्या वाजवून जेवणाच्या पंगतीकडे वळतो.

आपल्यातल्याच एका सभासदाने ठिबकसाठी कर्ज काढले. इंग्रजी कागदावर दाखवतील तिथे सह्या केल्या. व्याज 'फ्लोटिंग' आहे, म्हणजे वरखाली होणारे आहे, हे हप्ता वाढला तेव्हा त्याला कळले. अहो, बैल घेताना आपण दात मोजतो, मग कागद न वाचता सही कशी करतो?

राज्यकारभार मराठीत चालावा म्हणून 1964 साली कायदा झाला. मग सभासदाच्या मालकीच्या कारखान्यात करारपत्र, वजनपावती, बिल आणि अहवाल स्वच्छ मराठीत का नसावेत? येत्या सभेत हा विषय प्रत्येक गटातून मांडला जावा, असे आम्हास वाटते. संचालक मंडळालाही त्यात अडचण वाटू नये; जाणता सभासद हीच सहकाराची खरी ठेव.

आणि पोरांना इंग्रजी जरूर शिकवा, चांगली शिकवा. मात्र शिकलेल्या नातवाला पहिले काम हेच सांगा: घरात आलेला इंग्रजी कागद आधी आजीला मराठीत समजावून दे, सही मग करू.