मापाचें नांव लिहा

एका टिंबानें किती घरें फुटतात, हें ज्यांनीं महसुली दप्तरांत उमर घालविली त्यांस सांगावयास नको. सेवानिवृत्तीनंतर आम्ही लालबागेस चाळींत राहतों. शेजारीं बहुतेक जुन्या गिरणी कामगारांचीं घरें. गांवीं प्रत्येकाची थोडीबहुत जमीन. त्यामुळें कागद घेऊन कोणी ना कोणी आमच्या दारीं येतोच.

गेल्या पावसाळ्यांत दोघे भाऊ आले. वडिलांनीं वांटणीच्या यादींत थोरल्याच्या नांवापुढें केवळ ‘१.२०’ एवढेंच लिहून ठेविलें होतें. थोरला म्हणे, एक हेक्टर वीस आर. म्हणजे सुमारें ११८॥ गुंठे. धाकटा म्हणे, एक एकर वीस गुंठे, म्हणजे ६०. धाकट्याचा शिकलेला मुलगा म्हणाला, हा दशांश आहे. एकराचे ४० गुंठे धरिले तर ४८ च होतात. तिघांचाही हिशेब बरोबर! वडील हयात नाहींत, विचारावें कोणास?

दोष एकट्या वडिलांचा नव्हे. आम्हींही कारकुनी करितांना घाईनें अशीं टिंबें दिलीं आहेत, व त्याची आतां लाज वाटते.

कोणी म्हणतील, १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें आलीं, मग घोटाळा कसला? सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले खरे, पण बांधावर अजून एकर-गुंठेच बोलतात. शिवाय गुंठा व आर एकच समजण्याची खोड आहे. गुंठा म्हणजे १२१ चौरस यार्ड, आर म्हणजे १०० चौरस मीटर. दहा एकरांत सुमारें पावणेपांच आरांचा फरक पडतो. बाजारांतही तेंच. मुंबईची जुनी खंडी २० मणांची, ५६० पौंडांची. रुईची मात्र ७८४ पौंडांची. रुईचा भाव आजही सुमारें ३५६ किलोंच्या खंडीवर निघतो व शेतकऱ्याचा कापूस क्विंटलावर विकतो. सरकी काढिलेल्या रुईचा खंडीचा भाव आपल्या कापसास लावून पाहणारा फसलाच म्हणावयाचा.

यास्तव आमची सूचना अशी. आंकड्यापुढें मापाचें नांव पुरें लिहावें. ‘१ एकर २० गुंठे’ असें लिहावें, मध्यें टिंब देऊं नये. सातबाऱ्याप्रमाणें टिंब द्यावेंच लागलें, तर वर ‘हे. आर’ असा मथळा असावा व पांच आर ‘०५’ असे लिहावे. नुसता ‘५’ पुढें पन्नास वाचला जातो. ‘मी.’ म्हणजे मीटर व ‘मि.मी.’ म्हणजे मिलिमीटर, हा ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पावसाच्या नोंदींत पाळावा. व्यवहाराच्या कागदांत क्षेत्र अंकीं व अक्षरीं दोन्ही असावें.

याला शाईचे चार थेंब अधिक लागतील. ते दोघे भाऊ आज एकमेकांशीं बोलत नाहींत. सुज्ञ वाचकांनीं आजच आपल्या घरची यादी काढून पाहावी, आणि लिहिणारा हयात आहे तोंवरच मापाचें नांव घालून घ्यावें.