आज्ञा लिहिण्याचे शिक्षण

आपल्या विद्यालयाच्या संगणक कक्षात विद्यार्थी माऊस धरून चित्रांवर टिचकी मारण्यास शिकतात. प्रमाणपत्र परीक्षेपुरते ते पुरेसे असेलही. परंतु टिचकी मारणारा दुसऱ्याने मांडून ठेवलेल्या पर्यायांतून निवड करतो. आज्ञा लिहिणारा यंत्राला आपले काम सांगतो. म्हणून इयत्ता आठवीपासून प्रत्येक विद्यार्थ्याला टर्मिनल व शेल यांची ओळख करून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

टर्मिनल ही अक्षरे लिहिण्या-वाचण्याची खिडकी. शेल हा त्या अक्षरांचा अर्थ लावून संगणकाकडून काम करवून घेणारा दुभाषी. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. त्याच धर्तीवर १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. लिनक्स आज विनामूल्य मिळते आणि त्याच्या हलक्या आवृत्त्या जुन्या संगणकांवरही चालतात. तेव्हा पैशाची सबब टिकत नाही.

मुलांना इंग्रजी जड जाईल, ही दुसरी सबब. प्रारंभी लागतात ते मोजके लघुशब्द. ‘पीडब्ल्यूडी’ लिहिले की आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते कळते, ‘एलएस’ने तेथील वस्तू दिसतात, ‘सीडी’ने दुसऱ्या फोल्डरमध्ये जाता येते, ‘एमकेडीआयआर’ने नवा फोल्डर तयार होतो. वसतिगृहातील साठ विद्यार्थ्यांसाठी साठ फोल्डर माऊसने करू गेल्यास बराच वेळ जातो. शेलमध्ये एक ओळ पुरते. शब्द चुकला तर अशी आज्ञा सापडली नाही, एवढेच उत्तर येते. ती खरडपट्टी नव्हे. विद्यार्थ्याने स्पेलिंग पाहावे आणि पुन्हा लिहावे.

धोका मात्र लपवू नये. ‘आरएम’ने काढलेली फाईल कचरापेटीत जात नाही, ती थेट नष्ट होते आणि बहुधा यंत्र आधी विचारतही नाही. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खाते व सरावाचा वेगळा फोल्डर द्यावा. मुख्य पासवर्ड शिक्षकांकडेच असावा. अप्रमाद हा शब्द आपली मुले धम्मप्रवचनात ऐकतात. एन्टरची कळ दाबण्यापूर्वी लिहिलेली ओळ पुन्हा वाचणे, हा त्याच अप्रमादाचा हाताने गिरवायचा धडा होय.

आपल्या आज्या-पणज्यांना अक्षर नाकारले गेले; त्यांच्या वाट्याला आल्या त्या दुसऱ्यांच्या आज्ञा. पूज्य बाबासाहेबांनी शिक्षणाचे दार उघडले, म्हणून आज आपली मुले यंत्रापुढे बसली आहेत. ती तेथे केवळ ग्राहक म्हणून बसू नयेत. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक तास विद्यालयाला द्यावा. पालकांनीही सुट्टीत घरी आलेल्या मुलाला किती गुण मिळाले एवढेच न विचारता, संगणकाला कोणते काम सांगितलेस, हेही आवर्जून विचारावे.