पाणी देणाऱ्या हाताचा मान

हॉटेलात बसून चहा पिणे ही इतरांच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट असेल. आपल्या दृष्टीने ती तशी नाही. जालना, अंबड, परतूर, भोकरदन हा सारा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्य कोणाचेही असो, हॉटेलचालकाचा रिवाज एकच होता. बाजाराच्या दिवशी हॉटेलाबाहेर उकिडवे बसावे, वरून ओतलेला चहा घ्यावा, आपली कपबशी आपणच विसळून वेगळ्या जागी ठेवावी आणि पैसे मात्र इतरांइतकेच मोजावेत! आपल्या वडीलधाऱ्यांनी हे ऐकलेले नाही, भोगलेले आहे.

या अपमानावर घाव घातला तो राज्यघटनेने. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या घटनेच्या 15 व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश करण्यास जातीच्या कारणावरून कोणासही आडकाठी करता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पुढे 1955 साली अस्पृश्यता (अपराध) कायदा झाला. 1976 पासून तोच नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो. त्याच्या चौथ्या कलमात केवळ प्रवेशाचा नव्हे, तर उपाहारगृहातील भांडी वापरण्याचाही हक्क नोंदलेला आहे. कपबशीसारखी क्षुल्लक वस्तू कायद्याच्या कलमात यावी लागते, यावरून त्या कपबशीत किती विष कालवलेले होते हे ध्यानी यावे.

हा इतिहास आम्ही आज उगाळीत आहोत तो एका वेगळ्याच कारणासाठी. आपण आता टेबलाच्या अलीकडे बसलो आहोत. आपली मुले शिकली, नोकरीस लागली. पगाराच्या दिवशी, परीक्षेच्या निकालानंतर कुटुंबे हॉटेलात जाऊ लागली. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु टेबलाच्या पलीकडे पाण्याचे पेले घेऊन जो उभा आहे, त्याच्याशी आपण कसे वागतो? ज्यास कालपर्यंत पाणी नाकारले गेले, तो आज पाणी देणाऱ्यास कसा वागवितो, या एका गोष्टीवरून त्याने समतेचा धडा किती पचविला याची पारख होते.

पलीकडे उभा असलेला तो कोण आहे हे एकदा डोळे उघडून पाहा. जालन्याच्या पोलाद कारखान्यांनी जसे दूरदूरचे मजूर आणले, तसेच येथील हॉटेलांनी आणि महामार्गावरील ढाब्यांनीही आणले. त्यांत मंठा-परतूरकडील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा असतो, आईबाप ऊसतोडीस गेल्यामुळे मागे राहिलेला तरुण असतो, तसाच बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेला, आपली भाषाही नीट न समजणारा परका माणूसही असतो. सकाळपासून रात्रीपर्यंत तो उभा असतो. भरलेले ताट त्याच्या हातून शेकडो वेळा जाते; स्वतःचे ताट मात्र सर्वांचे आटोपल्यावर. आणि त्यास आपण हाक कशी मारतो? टाळी वाजवून, चुटकी वाजवून, ‘ए पोऱ्या’, ‘अरे ए’ म्हणून! आपल्या आज्यास गावात कोणी कधी पूर्ण नावाने हाक मारली नाही. नाव मोडून, ‘अरे-तुरे’ करून हाक मारणे हा जातिव्यवस्थेचा अगदी रोजचा फटका होता. तोच फटका आपण दुसऱ्यास मारावा, हे कोणत्या न्यायात बसते?

बाबासाहेबांनी या समाजरचनेस श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिची खुबी अशी की, प्रत्येकास आपल्या डोक्यावरचा भार टोचतो. पण पायाखाली कोणीतरी सापडले की तो भार सुसह्य वाटू लागतो. हॉटेलातील नोकर हा असा तासाभरासाठी पायाखाली सापडलेला माणूस आहे. पन्नास रुपयांच्या चहा-नाश्त्यात आपण खाद्यपदार्थ विकत घेतो, थोडी सेवा विकत घेतो. माणूस विकत घेत नाही.

आता बक्षिसीचा प्रश्न घेऊ. ‘टिप द्यावी की न द्यावी?’ असे तरुण मंडळी आम्हांस विचारतात. काहींचे म्हणणे असे की, बक्षिसी ही बलुत्याचीच बहीण आहे. आपल्या पूर्वजांना मजुरी म्हणून पैसा मिळत नसे. दारोदार फिरून शिळी भाकर मिळत असे आणि ती देणारा उपकारकर्ता ठरत असे. 1927 साली महाड येथे बाबासाहेबांनी उष्टेमाष्टे टाकून द्या असे बजावले. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक आणले, ते याच गुलामीच्या मुळावर घाव घालण्यासाठी. मग आपणच कोणापुढे नाणी का टाकावीत?

हा आक्षेप खोटा नाही. त्याचे उत्तर दिले पाहिजे. बलुत्याचा दोष धान्यात नव्हता. हक्काच्या मजुरीऐवजी देणाऱ्याची मर्जी आली, यात तो दोष होता. म्हणून पहिला सिद्धांत हा की, नोकराचे पोट मालकाच्या पगारावर भरले पाहिजे, गिऱ्हाइकाच्या मर्जीवर नव्हे. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी एप्रिल 1946 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. 1948 साली त्याचा कायदा झाला. त्या कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. किमान वेतन हा उपकार नव्हे, हक्क आहे. ‘तुला टिप मिळते, मग पगार कशास वाढवू?’ असे म्हणणारे मालक पुष्कळ भेटतात. त्यांनी रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा 1976 चा निर्णय वाचावा. बक्षिसी गिऱ्हाइकाच्या खिशातून येते, मालकाच्या नव्हे. म्हणून वेतन ठरविताना ती मालकाच्या बाजूने हिशेबात धरता येत नाही, असा त्याचा आशय आहे. 2016 साली आयकराच्या एका प्रकरणातही त्याच न्यायालयाने, हॉटेलमार्फत नोकरांना पोहोचलेली टिप म्हणजे मालकाने दिलेला पगार नव्हे, असे ठरविले.

दुसरी गोष्ट सेवाशुल्काची. मोठ्या हॉटेलांच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून रक्कम आपोआप जोडलेली आढळते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी अशी सक्ती करता येणार नाही असे मार्गदर्शक नियम काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 च्या निकालात ते उचलून धरले. म्हणून अशी रक्कम दिसल्यास ती वगळण्यास सांगावे. मात्र सांगावे ते गल्ल्यावर, बिल आणून देणाऱ्या पोरावर ओरडून नव्हे. बिल त्याने बनविलेले नसते.

वेतन हा हक्क आणि बक्षिसी ही खुशी, हे दोन्ही आपापल्या जागी ठेवले म्हणजे बक्षिसीत कमीपणा उरत नाही. मग तीत उरते ती एका माणसाने दुसऱ्याच्या श्रमाची ठेवलेली जाण. मात्र ती देण्याची रीत सांभाळली पाहिजे. उष्ट्या ताटात किंवा सांडलेल्या पाण्यात नाणी टाकू नयेत. हातात द्यावीत आणि सोबत एक चांगला शब्द द्यावा. चारचौघांत मोठी नोट फडकावून दिलेली बक्षिसी ही बक्षिसी नव्हे, जाहिरात होय. टपरीवरच्या चहास तिची गरज नाही. बसून जेवणाच्या हॉटेलात ऐपतीप्रमाणे बिलाच्या दहाव्या-विसाव्या हिश्शापर्यंत द्यावे. कर्ज काढून उदार होऊ नये. हल्ली पैसे मोबाइलवरून थेट मालकाच्या खात्यात जातात आणि सुट्या पैशांबरोबर नोकराची बक्षिसीही नाहीशी झाली आहे. जाताना खिशात दहा-वीस रुपयांच्या चार नोटा ठेवल्या तर ही अडचण राहणार नाही. आणि ज्याच्यापाशी देण्यास काहीच नाही, त्याने मुळीच संकोच करू नये. ‘दादा, पाणी आणता का?’ या वाक्यास पैसे पडत नाहीत.

आदर हा बक्षिसीहून मोठा आहे. काय मागवायचे ते आपसांत ठरवूनच त्यास बोलवावे. तो बोलत असता मोबाइलवरून नजर वर करावी. हाडे, साली टेबलावर पसरू नयेत. पदार्थ बिघडला असेल तर तक्रार अवश्य करावी, तो आपला हक्कच आहे. पण स्वयंपाक्याचा राग वाढप्यावर काढू नये. मंगल कार्यालयातील पंगतीत वाढणाऱ्यांनाही हेच लागू आहे. लग्नात आणि जयंतीच्या भोजनात आपण त्यांना शेवटी, उरलेसुरले जेवू घालतो. त्यांचे जेवण आधीच मोजून बाजूस ठेवणे यजमानास काय जड आहे?

आपल्यातील काहींनी आता खानावळी आणि हॉटेले काढली आहेत. त्यांच्यासाठी तथागतांचा गृहस्थास केलेला उपदेश सिगालोवाद सुत्तात आहेच. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी, ही पाच कर्तव्ये त्यात मालकास सांगितली आहेत. ज्या मालकाच्या हॉटेलात नोकराचा पेला वेगळा, त्याने भिंतीवर कोणाचीही तसबीर लावली तरी ती जुनीच खुंटी आहे.

शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा ‘छोटू’चा. 10 ऑक्टोबर 2006 पासून हॉटेल, ढाबा व चहाच्या दुकानात चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास बंदी आहे. 2016 च्या दुरुस्तीने ती बंदी जवळजवळ सर्वच कामांना लागू केली. अशा मुलाच्या हातात दहा रुपये ठेवून आपली सदसद्विवेकबुद्धी शांत करणे ही दया नव्हे. 1098 या क्रमांकावर कळवावे आणि त्याच्या घरच्यांना शाळेची वाट दाखवावी. शिक्षणाने आपण टेबलाच्या अलीकडे आलो. त्यास पलीकडेच ठेवून आपण कसे जेवावे?

बंधुभगिनींनो, हॉटेलात बसण्याचा हक्क घटनेने दिला. त्या जागी कसे बसावे हे कोणताही कायदा शिकविणार नाही; ते आपण आपल्या मुलांना शिकवावयाचे आहे. पुढच्या वेळी कुटुंबासह जाल तेव्हा मुलास सांगा: पाणी आणणाऱ्या काकांना आधी नाव विचार, मग पाणी माग.