विश्लेषण : ‘वेळ मिळेल’चे इंग्रजी नेमके कुठे अडते?

रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यात कोणाला दुसरे काम सांगितले, तर उत्तर येते : ‘रोवणी झाली की वेळ मिळेल.’ मनात मराठी जुळवून इंग्रजी लिहिणारा विद्यार्थी याचे ‘व्हेन रोवणी विल बी ओव्हर, आय विल गेट टाइम’ असे करतो आणि खाली लाल रेघ ओढली जाते. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही ही रेघ कशासाठी, हे समजावून सांगणारे मराठीतले स्पष्टीकरण वर्गात फारसे होत नाही.

इंग्रजी बोलणारे काय म्हणतात?

साधारणपणे ‘आय विल हॅव टाइम’. त्यांच्या भाषेत वेळ घर-गाडीसारखा जवळ असतो. मराठीत ‘हॅव’साठी एकच क्रियापद नाही. ताप असो, भाऊ असो की वेळ, आपण ‘मला आहे’ म्हणतो. भविष्यकाळात मात्र पंचाईत होते, कारण ‘असेल’मध्ये अंदाज मिसळतो. ‘तो घरी असेल’ म्हणजे बहुधा आहे. ‘मला उद्या वेळ असेल’ यातही तीच डळमळ ऐकू येते. म्हणून मराठी माणूस ‘उद्या वेळ आहे’ किंवा ‘मिळेल’ म्हणतो, आणि ‘मिळेल’चे ‘गेट’ होते. हे ‘गेट’ सरसकट चूकही नाही. कामाच्या गर्दीतून सवड सापडलीच तर, या अर्थाने इंग्रजीतही ‘इफ आय गेट टाइम’ म्हणतात.

मग ‘व्हेन’नंतर ‘विल’ का चालत नाही?

उत्तर मराठीतच आहे. ‘रोवणी झाली की’ म्हणताना रोवणी अजून व्हायचीच असते, तरी क्रियापद भूतकाळी रूपात येते. ‘रोवणी होईल की वेळ मिळेल’ असे कोणी म्हणत नाही. इंग्रजी त्याच जागी वर्तमानकाळ वापरते : ‘व्हेन रोवणी इज ओव्हर’. थोडक्यात, दोन्ही भाषा तिथे भविष्यकाळ टाळतात. गोंधळ होतो तो ‘जेव्हा होईल तेव्हा’ या दुसऱ्या मराठी रचनेमुळे, आणि पाठ्यपुस्तकी भाषांतराला तीच जास्त आवडते. नियम घोकून घेण्यापेक्षा ‘झाली की’ फळ्यावर लिहिणे सोपे नाही का?

‘पुरेल’ कसे सांगायचे?

इथे मराठी श्रीमंत आहे. घरचे धान वर्षभर पुरते, तसा वेळही पुरतो. इंग्रजीत वेळेला असे सुटसुटीत क्रियापद नाही, ‘इनफ टाइम’ म्हणावे लागते. ‘आय शुड हॅव इनफ टाइम’ यातला ‘शुड’ कर्तव्याचा नसून अपेक्षेचा आहे. ‘वेळ पुरायला हवा’ म्हणताना आपला ‘हवा’ नेमके तेच काम करतो.

उत्तरपत्रिकेबाहेर याचे काय?

‘इनफ’, ‘सफिशिअंट’ हे शब्द सरकारी कागदांत उतरतात तेव्हा ‘पुरेसा अवधी’ होतात. कोणाला पुरेसा, हे त्यात नसते. रोजच्या मराठीत ‘पुरेल’ म्हटले की कशाला आणि कोणाला, ते लगेच विचारले जाते. गोसीखुर्दच्या जिल्ह्यात हा भेद किरकोळ नाही. या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा २००९ मध्ये मिळाला, आणि या काळात पवनी तालुक्यासह वैनगंगाकाठच्या अनेक गावांना घरदार हलवावे लागले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याची भाषा इथे ‘पुरेशा’वर थांबत नाही. सिंचन किंवा जलविद्युत प्रकल्पासाठी जमीन घेतली, तर पुनर्वसन बुडिताच्या सहा महिने आधी पूर्ण झाले पाहिजे, असे तो सांगतो. गावात लागणाऱ्या मराठी नोटिशीतही ‘पुरेसा अवधी’ नको. पाणी कोणत्या तारखेला चढणार आणि त्याआधीच्या सहा महिन्यांची तारीख कोणती, एवढे दोन आकडे तिथे हवेत.