शंकरपटाच्या बक्षिसाला आपले पैसे नकोत

गावाकडच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, बक्षिसासाठी परदेशातून पैसे पाठवणं आपल्या मंडळाने थांबवायला हवं. मी गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावचा; पटाचं वेड किती असतं ते मला ठाऊक आहे. तरीही हे ठामपणे म्हणतो.

शर्यत आज कायदेशीर आहे, हे आधी मान्य करू. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. पण ही परवानगी अटींवर आहे: जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, काठी, चाबूक, विजेचा धक्का वापरायचा नाही. या गोष्टी सर्रास चालत होत्या, म्हणूनच त्या नियमांत लिहाव्या लागल्या.

बैल मुळात ओढकाम करणारं, रवंथ करणारं जनावर. घोड्यासारखी दौड त्याच्या शरीराच्या ठेवणीत नाही, हे न्यायालयानेही २०१४ च्या निकालात नोंदवलं. मग तो धावतो कसा? पराणीच्या टोकाला अणकुचीदार लोखंडी आर असते, ती पुठ्ठ्यात टोचली जाते. शेपटी पिरगाळली जाते, प्रसंगी दातांनी चावली जाते. बैलाला जिंकणं-हरणं कळत नाही. तो वेदनेपासून पळत असतो आणि आपण सेकंद मोजत असतो.

अमेरिकेतल्या रोडिओत पळत्या वासराच्या गळ्यात फास टाकून त्याला आपटतात आणि त्याचे पाय बांधतात. ते पाहून आपल्यापैकी अनेकांच्या अंगावर काटा येतो. ब्रिटनने तर १९३४ मध्येच अशा खेळांना कायद्याने आळा घातला. तिथल्या वासरासाठी जो न्याय, तोच आपल्या बैलाला लावला पाहिजे.

शर्यतीमुळे देशी वाण टिकतो, असं सांगतात. शर्यतीच्या बैलाला लाखांत भाव येतो, हे खरं. पण पटावर मान खिल्लारसारख्या चपळ बैलांना. आपल्या भागातली लाल कंधारी कष्टाची, कमी चाऱ्यावर तग धरणारी जात. ट्रॅक्टर आला, चारा महागला, दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्या, म्हणून ती घटते आहे. पटाच्या बक्षिसाने यातलं काहीच बदलत नाही.

परंपरेचं म्हणाल, तर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदेमळणी आठवा. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं, दुसऱ्या दिवशी झूल घालून पुरणपोळीचा घास भरवायचा. वर्षभराच्या कष्टांचं ऋण मानणारी ही रीत आपलीच आहे आणि तिला पराणी लागत नाही.

यात्रेत गर्दी जमावी, शेतकऱ्याला विरंगुळा मिळावा, हे मलाही हवं आहे. म्हणून मंडळाने तेवढीच रक्कम पोळ्याला उत्तम निगा राखलेल्या जोडीच्या बक्षिसासाठी, उन्हाळ्यातल्या चाऱ्यासाठी आणि गावातल्या पशुवैद्यकीय शिबिरासाठी द्यावी. लाल कंधारीचा वळू सांभाळणाऱ्यालाही हात द्यावा. येत्या सर्वसाधारण सभेत असा ठराव करू आणि वर्गणी मागणाऱ्या गावकऱ्यांना तो स्वच्छ शब्दांत कळवू.